पैसे कोणाच्या खात्यात गेले?

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणारा छोटा कारखाना चालविणारे एक सातारकर गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. २०२४ च्या दिवाळीपूर्वी त्यांना पोलादाच्या नेहमीच्या पुरवठादाराचा ई-मेल आला. लेखापरीक्षणामुळे जुने खाते तात्पुरते बंद आहे, या वेळचे देयक सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावे, असा मजकूर. बोधचिन्ह तेच, देयकाचा क्रमांक तोच, रक्कमही तीच. पत्त्यातील एक अक्षर मात्र वेगळे होते. कारखान्याच्या हिशेबनिसाने ११ लाख ४० हजार रुपये पाठविले. चार दिवसांनी खऱ्या पुरवठादाराने पैशांची आठवण करून दिली, तेव्हा उलगडा झाला.

बँकेत गेल्यावर त्यांना जे उत्तर मिळाले ते अपेक्षितच होते: पैसे तुम्हीच पाठविले आहेत, बँकेचा संबंध नाही. पुढे त्यांच्या हाती एक पत्रक देण्यात आले. अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका, ओटीपी सांगू नका, सावध राहा. त्यांनी यांपैकी काहीही केले नव्हते. 'साहेब, मग माझं चुकलं कुठं?' हा त्यांचा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस राहिला. (माझा बँकिंग खात्याशी कार्यालयीन संबंध नाही, येथील मते व्यक्तिगत आहेत.)

गुरुग्राममध्ये सायबर गुन्ह्यांचा विषय निघाला की बोलणे लगेच शेजारच्या नूहकडे वळते. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ५,००० पोलिसांनी तेथील १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले होते. अशी कारवाई आवश्यकच आहे. परंतु फोन करणारा माणूस आणि सिमकार्ड या दोन्ही गोष्टी सहज बदलता येतात. ठगाला सहजासहजी न मिळणारी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे चोरीचा पैसा क्षणभर उतरवून घेण्यासाठी दुसऱ्याच्या नावाचे बँक खाते. पोलीस त्याला म्यूल अकाउंट म्हणतात. आपण भाड्याचे खाते म्हणू. २०२४ साली गुरुग्राम पोलिसांनी एका खासगी बँकेच्या कर्मचाऱ्यांनाच अशी खाती ठगांना पुरविल्याच्या आरोपावरून अटक केली होती. आमच्या शेजाऱ्यांचे पैसेही एका दूरच्या शहरातील, कोण्या दुकान-नोकराच्या नावावरील खात्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत तेथून पसार झाले.

येथे एक प्रशासकीय तपशील सांगितला पाहिजे, कारण पुष्कळ व्यापाऱ्यांना तो ठाऊक नसतो. आपण पैसे पाठविताना लाभार्थ्याचे नाव लिहितो आणि बँक ते ताडून पाहत असेल असे गृहीत धरतो. वस्तुतः रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये परिपत्रक काढून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करण्यास बँकांना मुभा दिली होती. क्रमांक अचूक भरण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. म्हणजे नाव पुरवठादाराचे आणि क्रमांक ठगाचा असला तरी पैसे निर्वेध पोहोचत. धनादेशाच्या काळात नाव आणि खाते जुळले नाही तर धनादेश परत येई. नव्या व्यवस्थेने वेग दिला आणि तो अडसर काढून घेतला. पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय आरटीजीएस व एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा आदेश ३० डिसेंबर २०२४ रोजी निघाला. मधल्या चौदा वर्षांत किती कारखानदार बुडाले असतील, याचा विचार न केलेलाच बरा. असो. आता सोय आहे, ती वापरावी. खाते बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी (ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर कदापि नव्हे), आणि फसगत कळताच त्याच मिनिटाला १९३० वर तक्रार नोंदवावी. ती तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे खात्यात शिल्लक असतील तरच गोठविले जातात. चौथ्या दिवशी काही उरत नाही.

मात्र ही सारी सावधगिरी ग्राहकाचीच झाली. अमेरिकी विधिज्ञ गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चाविषयी लिहिताना एक विचार मांडला: हानी टाळणे ज्याला सर्वांत कमी खर्चाचे असेल, त्याच्यावर तिचे दायित्व ठेवावे. पाठविणाऱ्याला समोरच्या खात्याविषयी काहीच माहिती नसते. ज्या बँकेत ते खाते आहे, तिला मात्र खातेदाराचा व्यवसाय, उत्पन्न, आजवरची उलाढाल हे सगळे दिसते. हजारांत चालणाऱ्या खात्यात एकाएकी ११ लाख येऊन काही तासांत तुकड्यातुकड्यांनी निघून जातात, हे संगणकाला ओळखता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. न ओळखल्याचा खर्च बँकेला सोसावा लागत नाही, एवढेच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले, पण ते त्याच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांना. फसून का होईना, स्वतः पाठविलेला पैसा त्यात बसत नाही.

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नेमके हेच बदलले. फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई व्यक्तींना आणि अगदी छोट्या व्यवसायांनाही द्यावी लागते. तिचा निम्मा भार पाठविणाऱ्या आणि निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर पडतो. यावर आपल्याकडे घेतला जाणारा आक्षेप खरोखर विचारात घेण्याजोगा आहे: असे केल्यास बँका गरिबांची खाती उघडायला कचरतील आणि जनधनची कमाई वाया जाईल. परंतु खाते नाकारणे आणि त्या खात्यातील अकस्मात मोठी रक्कम काही तास थांबवून विचारपूस करणे, यांत अंतर आहे. भाड्याची खाती उघडण्यात बँक कर्मचाऱ्यांचा हात असल्यास भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तपास करण्याची मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अरेस्टच्या प्रकरणात सीबीआयला दिली. हे योग्यच झाले. पण फौजदारी तपासाने बुडालेल्याचे पैसे परत येत नाहीत.

त्यासाठी आपल्याच कायद्यात एक मार्ग आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ नुसार प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि ५ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर निर्णय देऊ शकतो. महाराष्ट्राने या तरतुदीत जीव आणला. पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये लंपास झाले होते. कंपनीच्या संचालकांनी फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते, ही त्यांची चूक. तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ साली निकाल देताना ती चूक हिशेबात धरली. पण ठगांची खाती पुरेशा तपासणीवाचून उघडली गेली, ही बँकेची चूकही धरली आणि ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दोघांच्या चुकांचे माप घेऊन नुकसान वाटून देणारा हा निकाल ब्रिटनच्या नियमापेक्षा अकरा वर्षे जुना आहे. दुर्दैव असे की, ज्या अपिलीय न्यायाधिकरणाने असे निकाल पक्के करावयाचे, तेथे २०११ च्या मध्यापासून अध्यक्षच नव्हता; २०१७ साली ते काम दूरसंचार न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले. या काळात कलम ४६ लोकांच्या आणि, खरे सांगायचे तर, आम्हा अधिकाऱ्यांच्याही विस्मरणात गेले. नियमांत सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. सचिवाच्या दालनात मात्र हे काम इतर पंधरा बैठकांच्या मधल्या फटीत बसवावे लागते.

शेजाऱ्यांना मी हे कलम दाखविले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. वकिलांनीही नाव ऐकले नव्हते. गेल्या महिन्यात त्यांनी पुण्याच्या निकालाची प्रत जोडून चंडीगडला अर्ज पाठविला. त्यात पहिला प्रतिवादी त्यांची स्वतःची बँक नाही. ज्या बँकेत ते भाड्याचे खाते उघडले गेले, ती आहे. सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाही.