नळी कुणाच्या हाती?



राज्याभिषेक दिनाला आम्ही काही कार्यकर्ते रायगडावर गेलो होतो. उतरताना पाचाडला थांबलो, जिजाऊसाहेबांच्या समाधीवर डोके टेकले, तक्क्याची विहीर पाहिली. त्या दगडी तक्क्याला टेकून जिजाऊ रयतेची गाऱ्हाणी ऐकत, असे गावात सांगतात. तिथून महाडला आलो आणि जीपमध्ये डिझेल भरायला पंपावर रांगेत लागलो.

पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, झिरो बघून घ्या." आमच्यातल्या एकाचा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, "तिकडे हा पोरगा नसतोच. आपले आपण भरायचे. इथेही तसेच करा, चोरी थांबेल." वाद जो पेटला तो वरंध घाट चढून भोर येईपर्यंत विझला नाही.

चोरी थांबेल? २०१७ साली उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रांत चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा इथेही तोच प्रकार निघाला. आकडा पूर्ण दाखवायचा, तेल कमी सोडायचे. अशा यंत्राची नळी पोराने धरली काय आणि तुम्ही धरली काय! कापूसवाल्याला हे सांगायला नको. एकाधिकार खरेदीत ग्रेडरचा हात होता, पुढे व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आला. लाल आकडे चमकू लागले म्हणून कडता सुटला का? विकताना काटा त्यांचा, घेताना मीटरही त्यांचेच.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि मला तीच मोठी वाटते. पंपवाल्याचे कमिशन लिटरमागे ठरलेले असते आणि ते आपण मोजतो त्या भावातच असते. पोराचा पगार त्यातून निघतो. उद्या पोरगा घरी गेला आणि नळी आम्ही धरली, तर वाचलेला पैसा कुणाचा? बाजारात गाडी स्वतः रिकामी केली तरी पट्टीतून हमाली कापली गेल्याचा अनुभव किती जणांना आहे, हात वर करा.

अमेरिकेतही सगळीकडे एक रीत नाही. न्यू जर्सी राज्यात १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. ऑरेगॉनमध्ये १९५१ पासूनची बंदी २०२३ च्या ऑगस्टमध्ये उठली, पण दाट वस्तीच्या भागांत निम्म्या नळ्यांवर माणूस ठेवावा लागतो. आणि भाव दोन्हीकडे एकच! काम गिऱ्हाइकाने करायचे, सूट मात्र नाही.

माझा स्वतः भरण्याला विरोध नाही. ज्याला घाई आहे त्याने भरावे, कायद्याने त्याचा हात धरू नये. पण त्याला लिटरमागे सूट मिळालीच पाहिजे. आणि डिझेलचा कॅन घेऊन, रोख नोटा मोजत येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी एक नळी माणसाच्या हाती राहिली पाहिजे.

तो पोरगा पोलादपूरकडचा. डोंगरउतारावर थोडी जमीन, भात आणि नाचणी. घर त्यावर चालत नाही म्हणून पंपावर उभा. आपल्या ज्वारीच्या रानातून निघालेली पोरेही अशीच कुठल्या कुठल्या पंपांवर उभी आहेत. शेतात भागले असते तर ती तिथे कशाला गेली असती? त्यांना काढून टाकण्याची भाषा आपण तरी जपून करावी.

राहिले माप. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचे पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. त्या दिवशी आम्ही ते मागितले. पोरगा आत गेला, बऱ्याच वेळाने धूळ पुसत घेऊन आला. मागची रांग हॉर्न वाजवू लागली. मोजले, बरोबर भरले. एक ट्रकवाला खाली उतरून बघत उभा होता. म्हणाला, "वीस वर्षे तेल घेतोय, हे मागता येते हे कुणी सांगितलेच नाही."