चुटक्याचा हिशेब तीनशे वर्षांचा

बालाघाटच्या उत्तरेला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यात, नर्मदेवरील बरगी धरणाच्या जलाशयाकाठी, चुटका येथे प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या नियोजित आहेत. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या दहा अणुभट्ट्यांना एकत्रित मंजुरी दिली, त्यांत या दोन होत्या. गोव्याच्या शेजारी असलेल्या कैग्यातील पाचवी व सहावी भट्टीही त्याच यादीतील. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे केंद्राचे उद्दिष्ट पाहता चुटक्याचा वाद दूरचा मानता येणार नाही.

या वादात एक बाजू संपूर्ण सुरक्षिततेची ग्वाही देते, दुसरी हजारो वर्षांच्या विषाची भीती दाखवते. दोन्ही दाव्यांना आकड्यांची कसोटी लावता येते. ७०० मेगावॉट विजेसाठी भट्टीत त्याच्या सुमारे तिप्पट उष्णता निर्माण करावी लागते आणि त्यासाठी दररोज साधारण सव्वादोन किलो इंधनाचे विखंडन होते. दर शंभर विखंडनांमागे सुमारे सहा वेळा सीझियम-१३७ तयार होते. म्हणजे एका भट्टीत दिवसाला सुमारे ८० ग्रॅम, तर वर्षाला २५ किलोंच्या आसपास.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे; अपघातानंतरचे पहिले आठवडे ते घातक असते, तीन महिन्यांत नगण्य होते. सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे. तीस वर्षांनी ते संपत नाही, निम्मे उरते. साठ वर्षांनी पाव. हजारावा हिस्सा उरण्यास ३०० वर्षे लागतात. म्हणजे हा धोका अनंत नाही, पण एका सरकारच्या कारकिर्दीत मावणाराही नाही.

वापरलेले इंधन आधी काही वर्षे प्रकल्पातील पाण्याच्या टाक्यांत राहते. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त केला जातो. मात्र तो कायमचा ठेवण्यासाठी देशात अद्याप खोल भूगर्भीय भांडार नाही.

बरगी धरणाने विस्थापित झालेल्या गोंड कुटुंबांवर चुटक्यामुळे पुन्हा उठण्याची पाळी येत आहे. त्यांना भरपाई एकदाच मिळेल. कचऱ्याची राखण मात्र दहा-बारा पिढ्यांना करावी लागेल. ती कोण करणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, याचे लेखी उत्तर जनसुनावणीत मिळायला हवे. कैग्याच्या बाबतीत गोव्यानेही हाच प्रश्न विचारला पाहिजे.