'एकटीच राहता?' : खंडेराव गेटवरची खोली आणि जातीचा हिशेब

झाशीत खोली मिळवताना मी दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. एक, माझं लग्न झालंय आणि नवरा पुण्याला नोकरी करतो. दोन, माझं आडनाव.

मी नाशिकची. वय अठ्ठावीस. घरातली पहिली पदवीधर, आता पीएच.डी. करतेय. झलकारीबाईंची आठवण झाशीतला कोरी समाज कशी जपतो, हा माझा विषय. फील्डवर्कसाठी सहा महिने राहायचं होतं. हिंदी घरमालकांना माझं आडनाव 'वाचता' येत नव्हतं. 'मराठी हैं' म्हटलं की त्यांना पुरायचं. गाडी अडायची ती 'अकेली हैं?' या प्रश्नावर. चार ठिकाणी नकार आल्यावर कुणीतरी सुचवलं, खंडेराव गेटला मराठी घरं आहेत, तिथे बघा.

झाशीच्या जुन्या तटबंदीच्या दरवाजांची नावं आजही वस्त्यांना आहेत. ओरछा गेट, दतिया गेट, सैंयर गेट, खंडेराव गेट. 'खंडेराव' हे नाव मराठी कानाला घरचं वाटतं, आणि ते उगाच नाही. 1742 च्या सुमारास पेशव्यांचा सरदार नारोशंकर इथे आला आणि त्याने हे शहर वाढवलं. त्याच नारोशंकराचं देऊळ आमच्या नाशकात गोदाकाठी आहे. त्याची घंटा मी लहानपणापासून बघत आलेय. पेशवाई गेली तिथे तिची माणसं गेली, आणि माणसांबरोबर जातही गेली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. खंडेराव गेटला ते माझ्यासमोर चहाचा कप धरून उभं राहिलं.

घरमालकीणबाई प्रेमळ होत्या. मराठी ऐकून खूश झाल्या. मग विचारलं, "लग्न झालंय ना? एकट्या मुलीला आम्ही देत नाही." मी म्हटलं, हो काकू. "आडनाव काय म्हणालीस?" मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं आडनाव सांगितलं. काकूंचा चेहरा खुलला. "म्हणजे आपल्यातलीच की!"

खोली मिळाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जातींवरचा निबंध होता. 9 मे 1916 रोजी, कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात त्यांनी तो वाचला. बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून लहान. त्यांचं म्हणणं असं की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. जात टिकवायची तर जातीतल्या बायका आणि पुरुषांचा हिशेब जुळलाच पाहिजे. नवरा मेला की त्याची बायको हिशेबात 'अतिरिक्त' ठरते. ती जातीबाहेर लग्न करेल किंवा जातीतल्याच दुसरीच्या वाट्याचा नवरा घेईल, अशी भीती असते. म्हणून तिला जाळा, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात कोंडा. मुलींची लग्नं लहानपणी लावण्याचा संबंधही ते याच हिशेबाशी जोडतात.

परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. पण खंडेराव गेटच्या त्या खोलीत पहिल्यांदा कळलं की ती 'अतिरिक्त' बाई मी आहे. काकूंचे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. 'लग्न झालंय का' आणि 'आडनाव काय' हा एकच प्रश्न आहे: तू कुठल्या हिशेबात बसतेस? म्हणून माझ्या दोन खोट्या गोष्टीही मुळात एकच होत्या.

2011 च्या जनगणनेनुसार या देशात अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता मिळून 7 कोटींहून जास्त एकट्या बायका आहेत. तरी प्रत्येकीला वाटतं की आपणच काहीतरी चुकलो.

दिवसा मी लोकांशी झलकारीबाईंबद्दल बोलत होते. भोजला गावची कोरी समाजातली ही बाई. 1857 च्या लढ्यात तिने राणीचा वेष घेऊन इंग्रजांना चकवलं, अशी इथली आठवण. वृंदावनलाल वर्मांच्या 1946 च्या कादंबरीत ती आली आणि 2001 मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं. पण तिची ओळख करून देताना पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ती हुबेहूब राणीसारखी दिसायची. राणी झलकारीसारखी दिसायची, असं कुणी म्हणत नाही.

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. 'तू वाटत नाहीस हं त्यातली' हे मी अकरावीपासून ऐकतेय. उच्चार शुद्ध, कपडे नीट, इंग्रजी बरं. आपल्यापैकी कितीतरी जण हे वाक्य ऐकून कसंनुसं हसलो असू. कुणासारखं तरी दिसणं हे आपल्याला शिक्षणाबरोबर फुकट मिळतं. मी तर त्याच्या पुढे गेले होते. मी नवराही उसना आणला होता.

अशा वेळी मला माझ्याच गावची एक बाई आठवली. शांताबाई दाणी. नाशिकच्या, बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं काम केलेल्या. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, विधान परिषदेवर गेल्या, नाशकात मुलींच्या शिक्षणासाठी राबल्या. त्यांनी लग्न केलं नाही. 'रात्रंदिन आम्हा' हे त्यांचं आत्मकथन 1990 मध्ये आलं. जयंतीच्या भाषणांत त्यांचं नाव येतं ते 'चळवळीसाठी त्यांनी संसाराचा त्याग केला' असं. मला हा 'त्याग' शब्द खटकतो. एका बाईने आपलं आयुष्य स्वतः ठरवलं, हे सरळ म्हणायला आपल्याला जड जातं. म्हणून आपण तिला त्यागमूर्ती करतो आणि घरातल्या मुलीला सांगतो, त्या मोठ्या होत्या, तू बायोडेटा दे.

तिसऱ्या महिन्यात मी काकूंना खरं सांगितलं, दोन्ही. काही ठरवून नाही. त्यांनी नवऱ्याची चौकशी केली, आणि मला पुढचं खोटं सुचेना. त्या ओरडल्या नाहीत. गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, भाचा यायचाय शिकायला, खोली लागेल. भाचा खरा होता की माझ्या नवऱ्यासारखाच, ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस एका कोरी कुटुंबात काढले. त्यांनी जात आधीच विचारली होती, सांगितल्यावर जेवायला बसवलं. दुसरा प्रश्न मात्र तिथेही होता. घरातली आजी रोज विचारायची, "बिटिया, ब्याह कब करोगी?" आणि फोनवर माझी आई तेच मराठीत विचारायची.

इथे आपल्याला स्वतःशी बोलावं लागेल. एकटी राहणं ही सवर्ण, शहरी बायकांची चैन आहे, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. एकटं राहायला भाडं लागतं, आणि माझी शिष्यवृत्ती कित्येक महिने येत नाही. आली की अर्धी घरी जाते. आईची काळजीही खोटी नाही. आपल्या मुलीमागे ना पैसा, ना ओळख, ना वस्तीबाहेर कुणाचा धाक. नवरा म्हणजे तिला निदान दाराची कडी वाटते. पण त्या कडीसाठी ती जातीतलाच, शिकलेला, नोकरीवाला मुलगा शोधते, तेव्हा बाबासाहेबांनी दाखवलेला तोच हिशेब आपण आपल्या घरात मांडतो. जयंतीला जातीचं उच्चाटन आणि बायोडेटात पोटजात, असं किती दिवस चालायचं?

मी लग्नाच्या विरोधात नाही. उद्या करेनही. पण ते हिशेब जुळवायला नसेल. स्वतःचा स्वीकार हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. आरशासमोर उभं राहून स्वतःला छान म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. माझ्यासाठी त्याचा अर्थ छोटा आणि महाग आहे. दोन प्रश्नांची दोन खरी उत्तरं, आणि त्यापायी एक खोली गेली तर ती जाऊ देणं. प्रत्येकीला प्रत्येक वेळी हे परवडेलच असं नाही. डोक्यावर छप्पर हवं म्हणून खोटं बोलणाऱ्या मैत्रिणीला मी भित्री म्हणणार नाही. लाज तिला वाटायला नको, विचारणाऱ्यांना वाटायला हवी.

नाशिकला परतले तेव्हा आईने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आई, शांताबाईंना कुणी विचारलं असेल का गं, एकटीच राहता म्हणून? ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "विचारलं असेल. पण त्यांनी उत्तर दिलं असेल."

जय भीम.