तोच मी का?

लोधीखेड्याच्या स्टेशनावर उभे राहिले की आम्हांस एक प्रश्न हटकून सुचतो. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील अडीच फुटी रुळांची लहान गाडी २०१५ साली बंद झाली. रूळ बदलले, इंजिने बदलली, डबे बदलले. जुन्या गाडीचे चाक नव्या रुळांवर चालावयाचेच नाही. तरी लोक म्हणतात, ‘आपली गाडी पुन्हा सुरू झाली.’ गावाचेही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी शेजारचा नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. २०२३ साली छिंदवाडा जाऊन पांढुर्णा हा आमचा जिल्हा झाला. पत्ता पालटला, गाव तेच.

गाडीचे व गावाचे आपण सहज मानतो. मनुष्याचे मात्र इतके सोपे नाही. पहिलीत नाव घातलेले मूल आणि साठीचा गृहस्थ यांत तेच असे काय उरते? देह पालटतो, आवडीनिवडी पालटतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली सांगितले की, आठवण जेथवर मागे पोहोचते तेथवर मनुष्य एकच. उत्तर मोहक आहे खरे. परंतु स्कॉटलंडच्या टॉमस रीडने १७८५ साली त्यातील उणीव दाखविली. एका मुलाने बाग लुटली म्हणून शाळेत फटके खाल्ले. (आमच्याकडे बाग म्हटली की संत्र्याचीच, फटकेही वडील मंडळींना परके वाटणार नाहीत!) तरुणपणी लष्करात अधिकारी होऊन त्याने शत्रूचे निशाण हिसकावले, उतारवयात तो सेनापती झाला. अधिकाऱ्यास फटके आठवतात. सेनापतीस निशाण आठवते, फटके आठवत नाहीत. म्हणजे मुलगा व अधिकारी एक, अधिकारी व सेनापती एक, आणि तरी मुलगा व सेनापती दोन! असले गणित कोणते गुरुजी बरोबर देतील?

हा नुसता बुद्धीचा खेळ नव्हे. एखाद्या घरी वृद्ध आजी स्वतःच्याच नातवास ‘तू कोणाचा रे?’ म्हणून विचारते. आठवण गेली म्हणून आजीही गेली काय? लॉकचे मानले तर ओसरीवर बसलेली ही बाई निराळीच, आणि तिला घास भरविणारी सून परक्याची सेवा करीत आहे. आम्हांस हे मुळीच पटत नाही. आठवण हा एक धागा आहे, एकटा धागा नव्हे. दिवसामागून दिवस खंड न पडता चालत आलेले तिचे आयुष्य हा दुसरा, आणि जे ती विसरली ते घरच्यांनी जपून ठेवले आहे, हा तिसरा.

मात्र हे मानल्यावर एक अडचण आपल्याच गळ्यात येते. ‘तेव्हाचा मी निराळा होतो’ ही सबब मग चालत नाही. आठवीत असताना वर्गातल्या एका दुबळ्या मुलास आपण छळले. आज स्वभाव पालटला असेल, ती गोष्ट विस्मरणातही गेली असेल. पण तो मुलगा विसरला नाही, आणि त्याच्या दारी क्षमा मागावयास आपल्यावाचून दुसरे कोणी कसे जाणार?

शाळेच्या कचेरीत अधूनमधून एखादे वयस्क गृहस्थ जन्मतारखेचा दाखला मागण्यास येतात. जुने दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून निघते. बाबू नाव विचारतात, वडिलांचे नाव विचारतात, पिवळ्या पानावर बोट फिरवितात, आणि पहिलीतल्या त्या मुलाची तारीख लिहून पांढऱ्या केसांच्या माणसाच्या हाती देतात.