फाटक ते अंगठा

आमच्या भालकीतल्या गल्लीतला एक पोरगा हुमनाबादकडं एका कारखान्यात गुत्तेदाराच्या हाताखाली आहे. रसायनांचं काम. पाळी सातची, म्हणजे फाटकावर साडेसहाला हजर. आधी रजिस्टरात सही, मग मोबाइल जमा करून टोकन, मग अंगझडती. पुढं कपडे बदलायचे: झबला, टोपी, मास्क, जाड बूट. बुटांचा जोड आपल्या मापाचा सापडला तर नशीब. एवढं उरकून विभागाच्या दाराशी गेलं की अंगठ्याचं यंत्र. अंगठा उमटला की पाळी सुरू. सुटताना आधी अंगठा, मग झबला उतरवणं, हातपाय घासून धुणं, पुन्हा झडती आणि मोबाइलची रांग.

"जाताना वीस मिनटं, येताना वीस मिनटं. ते कुठंच लिहीत नाहीत काका," तो म्हणाला.

मी पेन्सिल घेऊन बसलो. दिवसाला 40 मिनिटं, महिन्याचे 26 दिवस. 17 तास 20 मिनिटं झाली. आठ तासांच्या दोन पाळ्या फुकट, वर चिल्लर. तोच पोरगा अंगठ्याला पाच मिनिटं उशिरा पोचला तर गुत्तेदार अर्ध्या तासाचा पगार कापतो. म्हणजे मिनिट मोजायचं कसं हे त्याला येतं.

हा विषय काढला की कुणीतरी हमखास विचारतं, मग काय अंथरुणातून उठल्यापासून पगार द्यायचा? नाही. भालकीत राहून हुमनाबादला जायचं हे त्या पोरानं ठरवलं, मालकानं नव्हे. घर ते फाटक या वाटेचे तासावारी पैसे मागणं मला स्वतःला पटत नाही. पण फाटकाच्या आत तो कुणाच्या हुकमानं उभा असतो? झबला त्याच्या हौसेचा नाही. रांग त्यानं लावलेली नाही. यंत्र फाटकावर बसवायचं की आत, हेही त्याला कुणी विचारलेलं नाही. जिथून मालकाचा शब्द चालतो, तिथून मालकाचं घड्याळ चालावं.

गंमत म्हणजे वाट कामात धरायची की नाही यावर आपली न्यायालयं कधीपासून डोकं लावून बसली आहेत, पण ते बहुतेक वेळा माणूस मेल्यावर. आपल्या शेजारच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा पहारेकरी 22 एप्रिल 2003 ला पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन गेला. मागं बायको, चार लेकरं, म्हातारी आई. 2009 मध्ये 3,26,140 रुपये भरपाई मंजूर झाली, 2011 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ती काढून घेतली. माणूस कामावर पोचलाच नव्हता, तर मरण कामावरचं कसं? 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. अपघाताची वेळ, जागा आणि प्रसंग यांचं नोकरीशी नातं जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामातलाच, असा त्या निकालाचा अर्थ. निकाल चांगलाच आहे. पण त्याला 22 वर्षं लागली, आणि त्यातून निघणारा हिशेब विचित्र आहे: वाटेत मेला तर कामावर होता, धडधाकट पोचला तर नव्हता.

पगाराच्या बाजूनं हा प्रश्न अमेरिकेत लढवला गेला. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या चिनीमातीच्या कारखान्यातले कामगार फाटकापासून आपल्या जागेपर्यंत चालण्याचे पैसे मागत होते. 1946 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बरोबर आहे, द्या. देशभर दाव्यांचा पूर आला आणि मालकमंडळी इतकी हादरली की दुसऱ्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा करून चालण्याची वेळ पगाराबाहेर काढली. पैसा फार निघतो असं दिसलं की घड्याळच बदलायचं, ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही.

आपल्याकडं तर घड्याळाचाच पत्ता नाही. हंगामात आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर बीडकडच्या टोळ्या ऊस तोडायला उतरतात. त्यांचा दर टनावर. महाराष्ट्रात जानेवारी 2024 च्या करारात तो 366 रुपये ठरला. हे 366 वजनकाट्यावर चढलेल्या उसाचे. एका फडातून दुसऱ्या फडात बिऱ्हाड हलवलं, ते टनात नाही. गाडी भरायला मध्यरात्री उठवलं, तेही नाही. मोळ्या लादलेली बैलगाडी घेऊन नंबर लागायची वाट बघत कारखान्याच्या आवारात रात्र काढली, बैलांना वाढं टाकलं, जुवावर डोकं टेकून डुलकी घेतली, तर ती रात्र कुणाची? कारखाना म्हणतो टोळीची, मुकादम म्हणतो नशिबाची. सकाळी फड मात्र तितकाच उभा असतो.

वाटेचे पैसे कायद्यात बसतच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी 2005 चा रोजगार हमी कायदा काढून बघावा. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, त्याहून लांब दिलं तर मजुरी दहा टक्के जास्त, असं त्यात साफ लिहिलं होतं. खड्डे खोदणाऱ्याच्या बाबतीत सरकारला जे सुचलं, ते झबला घालून रसायनं ढवळणाऱ्याच्या बाबतीत सुचायला काय हरकत होती?

एवढं लिहून झाल्यावर मी माझी स्वतःची वही उघडली. आमची थोडी सोयाबीनची जमीन आहे. खुरपणीला बाया टमटमनं येतात. टमटम भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून त्या साडेआठलाच पाराशी जमतात. मी वहीत लिहितो: दहा ते पाच. दहा म्हणजे खुरपं मातीला लागलं ती वेळ. टमटम मीच ठरवलेली, पाराशी साडेआठला या असा निरोपही माझाच.

या वेळी मी त्या बायांतल्या एकीला म्हटलं, मावशी, यंदापासून साडेआठ लिहितो. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "मालक, मग टमटमीत बसून काय खुरपायचं ओ?"