अपोफिस येण्याआधी त्याचे ज्योतिषी येतील

१३ एप्रिल २०२९ च्या रात्री आमच्या वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागलेले असतील. बाराच्या ठोक्याला बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार पडतील, त्रिशरण-पंचशील होईल, जयभीमच्या घोषणा होतील. त्यानंतर साधारण तीन तासांनी, भारतीय वेळेप्रमाणे १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, सुमारे ३४० मीटर आकाराचा एक धोंडा पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आपल्यापर्यंत पोचवणारे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात; हा त्यांच्याही आतून जाणार आहे. या लघुग्रहाचे नाव अपोफिस.

तो पृथ्वीवर आदळणार नाही, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो. १९ जून २००४ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातील किट पीक वेधशाळेतून त्याचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. मग जुन्या छायाचित्रांत त्याच्या आधीच्या जागा सापडल्या, गणित पुन्हा मांडले गेले आणि २०२९ चा धोका संपला. मार्च २०२१ मधील रडारच्या निरीक्षणांनंतर पुढील किमान शंभर वर्षे धोका नाही, असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. शास्त्रज्ञांनी शक्यता लपवली नाही आणि नवा पुरावा येताच आधीचे मत सोडून दिले. आमच्या वकिलीच्या भाषेत याला पुराव्यावर चालणे म्हणतात.

मग आम्ही हे आजच का लिहीत आहोत? धोंडा येण्याआधी त्याचे ज्योतिषी येणार आहेत म्हणून. पाश्चात्त्यांसाठी तो दिवस १३ तारखेचा शुक्रवार, म्हणजे त्यांच्याकडचा अपशकुनी दिवस. आपल्याकडे घड्याळाप्रमाणे शनिवार उजाडलेला असेल, म्हणजे शनी आयताच हाती लागला. (पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, असे हेच लोक सांगतात. पण कमाईच्या वेळी तेवढे विसरता येते.)

आता या नावाची गोष्ट पाहा. शोध लागला तेव्हा या धोंड्याला '२००४ एमएन४' असा नुसता क्रमांक होता. अपोफिस हे नाव २००५ मध्ये मिळाले. प्राचीन इजिप्तच्या पुराणकथेत अपेप नावाचा महासर्प आहे, अपोफिस हे त्याचेच ग्रीक रूप. सूर्यदेव रा रात्री होडीतून पाताळातून प्रवास करतो, तेव्हा हा सर्प त्याला गिळायला टपलेला असतो. पण शोधकर्त्यांपैकी दोघे 'स्टारगेट' या दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते होते आणि त्या मालिकेतील खलनायकाचे नाव अपोफिस होते. एवढ्यावर आज पाश्चात्त्य ज्योतिषी त्याला कुंडलीत बसवून विनाश, अंधार, दडपलेला क्रोध असले अर्थ काढीत असतात. बारशाआधी या धोंड्यात क्रोध होता की नव्हता, याचे उत्तर कोणी देत नाही. लघुग्रहांचे हे ज्योतिष पुरातनही नाही. लघुग्रहांची पहिली पंचांगे ज्योतिषांच्या हाती आली ती १९७३ मध्ये, अमेरिकेत. तेव्हापासून नावाची पुराणकथा उघडायची आणि तिच्यातून भविष्य काढायचे, हा धंदा चालू आहे. बेन्नू हा दुसरा लघुग्रह. त्याचे नावही इजिप्तच्याच कथेतील एका पक्ष्याचे, आणि ते २०१३ मध्ये स्पर्धेतून सुचवले ते नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने. उद्या त्या मुलाच्या आवडीवरून आमच्या मुलींची लग्ने जुळणार की मोडणार?

इजिप्तच्या पुरोहितांची हुशारी मात्र दाद देण्याजोगी. अपेपचा नाश करण्याचे विधी ब्रिटिश म्युझियममधील एका पपायरसवर लिहिलेले आहेत. मेणाचा साप करायचा, त्याच्यावर थुंकायचे, डाव्या पायाने तुडवायचा आणि जाळून टाकायचा. हे आमोन-रा देवाच्या मंदिरात रोज चाले. आणि रोज सकाळी सूर्य उगवे! ज्या विधीचे फळ न चुकता मिळते, त्याची दक्षिणा कोण बुडवील?

सूर्य गिळणाऱ्याची गोष्ट आम्हाला परकी नाही. आपल्याकडे त्याचे नाव राहू. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी आठवत असेल. ग्रहण लागले की मांग-महारांनी गावातून ती आरोळी देत हिंडायचे आणि लोकांनी त्यांच्या झोळीत मूठभर धान्य, जुनेपाने कपडे टाकायचे. कारण राहू-केतू त्यांच्यातलेच, त्यांना दिले म्हणजे सूर्य सुटतो, अशी गावाची समजूत. म्हणजे चंद्राच्या आणि पृथ्वीच्या सावलीलाही या व्यवस्थेने जात चिकटवली होती! त्याच ग्रहणात तीर्थावरच्या भटजीला गाय आणि सोने, वेशीबाहेरच्याला जुनेर. आकाशातल्या भयाचा हिशेब जमिनीवर कसा लिहिला जातो, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही एक आरोळी नीट ऐकावी. ती द्यायचे आपल्या लोकांनी सोडले, तेव्हा सूर्य कोठेही अडकून बसला नाही.

तथागतांनी हा धंदा अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखला होता. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात चंद्रग्रहण, सूर्यग्रहण आणि चक्क उल्कापात यांची भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या आणि मिथ्या आजीविका ठरवली आहे. नक्खत्त जातकात तर एका लग्नाची गोष्ट आहे. वराकडच्यांनी दिवस आधी ठरवला आणि मग कुलगुरूला विचारले. आपल्याला अगोदर विचारले नाही, याचा राग येऊन त्याने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीच्या माणसांनी वाट पाहिली आणि त्याच मांडवात तिचे दुसऱ्याशी लग्न लावून दिले. नक्षत्र म्हणजे गुरुजींचा रुसवा होता.

आमच्या कचेरीतही असे पक्षकार येतात. वकीलपत्र तयार असते, शेवटच्या दिवशी म्हणतात, आज अमावास्या, सही उद्या करतो. मुदतीचा कायदा अमावास्या पाहत नाही, हे समजावता समजावता आमचा निम्मा दिवस जातो. त्यातले काही आपल्याच समाजाचे असतात, हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

कोणी म्हणेल, ज्योतिष हे शास्त्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. हा युक्तिवाद सर्रास होतो, म्हणून स्पष्ट करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये 'ज्योतिर्विज्ञाना'चे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले. त्याविरुद्ध डॉ. पुष्पा भार्गव आदी वैज्ञानिक न्यायालयात गेले आणि मे २००४ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. शैक्षणिक विषयात तज्ज्ञ मंडळाच्या निर्णयात हस्तक्षेप करायचा नाही, हा त्या निकालाचा मुख्य आधार. निकाल आम्हास पटलेला नाही. पण कुंडलीतले भविष्य खरे निघते, असे त्यात शाबीत झालेले नाही. शाबीत करण्याची संधी ज्योतिषांना पुण्यात मिळाली होती. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली, त्यातली सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर याहून वाईट झाले नसते.

आता आमच्याच माणसांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. त्या रात्री धोंडा कोपला म्हणणारे जसे निघतील, तसे 'बाबासाहेबांच्या जयंतीला आकाशातून तारा अवतरला' असे फलक लावणारेही निघतील, आणि ते आपल्यातलेच असतील. अपोफिस त्या पहाटे जवळ येतो तो त्याच्या कक्षेमुळे. ग्रीनिचच्या घड्याळात त्या वेळी १३ तारीखच असेल, मग तो अवतार कोणासाठी? ज्यांनी आम्हाला अवतार मानायचे सोडायला शिकवले, त्यांच्याच जयंतीला शुभशकुन चिकटवणे आम्हास मान्य नाही.

त्यापेक्षा जयंती मंडळांनी आतापासूनच ठरवावे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी चालत्या ताऱ्यासारखा दिसणार आहे. आपल्या गावातून किती वाजता, कोणत्या दिशेला पाहायचे, हे भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला विचारून ठेवावे. कमानीच्या खर्चातून एक साधी दुर्बीण घ्यावी. पोरे तशीही जागीच असतात. एका मंडळाच्या बैठकीत आम्ही हे मांडले, तेव्हा मागून एकाने विचारले, "साहेब, मग डीजेचं काय?" आम्ही त्याला कायदा सांगितला. खास परवानगी असली तरी बारानंतर ध्वनिक्षेपक बंदच ठेवावा लागतो. पहाटेपर्यंतचे ते तीन तास मोकळेच आहेत.