पाणपोई आणि रांजण

‘अनुदान’ या शब्दाशी आम्हा प्राध्यापकांचा जुना घरोबा आहे. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो ते ‘अनुदानित’ आहे, आणि आमची चूल त्या एका विशेषणावर पेटते. त्यामुळे वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की नजर आपोआप तेथे थबकते. अलीकडे तो विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बातम्यांत वरचेवर भेटू लागला आहे. या मोटारींसाठी जागोजागी चार्जिंग स्टेशने व्हावीत म्हणून सरकार पैसा देत आहे.

पैसा थोडाथोडका नव्हे. केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला, तेव्हा १०,००० कोटींपैकी १,००० कोटी रुपये चार्जिंगच्या सोयीसाठी बाजूला काढले होते. मार्च २०२३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. गणित माझा विषय नव्हे, तरी भागाकार करून पाहिला : एका स्टेशनामागे सुमारे पावणेअकरा लाख! पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली. तिच्यात या कामाला २,००० कोटी ठेवले असून सुमारे ७२,३०० चार्जर उभारण्याचे योजले आहे. आपल्या राज्याच्या एप्रिल २०२५ च्या धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले.

हा खर्च व्यर्थ आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. गाड्या थोड्या म्हणून स्टेशन परवडत नाही, आणि स्टेशन नाही म्हणून लोक गाडी घेत नाहीत. ही गाठ कोणीतरी सोडवायलाच हवी. शिवाय नुसते यंत्र आणून भागत नाही. रोहित्र बसवावे लागते, जाड केबल टाकावी लागते, वाढीव भार मागावा लागतो. ज्याच्या दारात स्वतःची जागा आहे तो रात्री खटका दाबून निजतो. सकाळी गाडी तयार. परंतु चाळीत किंवा जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा गृहस्थ काय करणार? त्याला चव्हाट्यावरच्या चार्जरशिवाय गती नाही. आणि गावाला निघाल्यावर तर आपण सारेच त्याच्या रांगेत!

आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक गेल्या मे महिन्यात आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघाले. वाटेतले स्टेशन चालू असल्याचे मोबाईल सांगत होता. तेथे जाऊन पाहतात तो यंत्राचा पडदा काळाठिक्कर. “आठ दिस झाले, बंद हाय साहेब,” रखवालदार शांतपणे म्हणाला. गाडीतला गारवा बंद करून, जपून जपून पुढचे स्टेशन गाठले, तर तेथे आधीच्या दोन गाड्या! अडीच तास काकू झाडाखाली बसून होत्या. त्यांचे इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत होते आणि बर्फ वितळत चालला होता. मुलगा यंत्राच्या किमतीविषयी आणि सरकारी मदतीविषयी बोलू लागला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, पाणपोई घातली; पण रांजण भरायला माणूस कुठं नेमला?” गाडी अजून शहरात फिरते. कोल्हापूरला मात्र मायलेक आता एस.टी.ने जातात.

काकूंनी वर्मावर बोट ठेवले असे मला वाटते. हे सारे अनुदान उभारणीच्या खर्चाचे आहे. सप्टेंबर २०२५ च्या सूचनांप्रमाणे, सर्वांना खुले असेल तर सरकारी आवारात संपूर्ण खर्च मिळतो. रेल्वे स्थानकांवर आणि तेल कंपन्यांच्या पंपांवर जोडणीचा ८० टक्के आणि यंत्राचा ७० टक्के. उद्या तार तुटली, सुटा भाग मिळेना, पडदा विझला, तर? फीत कापण्याचा दिवस एकच असतो. रांजण रोज भरावा लागतो. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या हे आपण मुलांना शिकवतो. त्यांच्या नित्याच्या खर्चाचीही त्यांनी तजवीज करून ठेवली होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

‘अनु’ म्हणजे मागून, पाठोपाठ. तेव्हा अनुदान हे कामाच्या पाठोपाठ चालत यावे. मंजूर रकमेतला एक वाटा सरकारने हातात राखावा आणि चार-पाच वर्षे, यंत्र जितके दिवस चालू राहील त्या हिशेबाने, वर्षाकाठी द्यावा. आमच्या अनुदानित महाविद्यालयांत हजेरीपट तपासतात. चार्जरचाही हजेरीपट असावा, आणि तो कोणालाही पाहता यावा. किती बसवले हा आकडा सरकारदरबारी राहू द्या. किती चालू आहेत हा आकडा आपल्याला हवा.

दिवाळीच्या सुटीत अनेक वाचक प्रवासाला निघतील. वाटेत बंद यंत्र दिसले तर नुसते चरफडून पुढे जाऊ नका. तारीख, वेळ आणि जागा लिहून संबंधितांकडे तक्रार नोंदवा. पैसा आपला आहे, आणि मागच्या गाडीत कुणाची तरी आई बसलेली असेल.